पहिल्या चुलीवरची बाई

आमच्या शेडमध्ये एक रीत होती. सकाळी सात वाजता आठही चुली पेटलेल्या असायच्या, आठ काठवटींत पीठ मळून तयार असायचं, आठ बायका पदर खोचून बसलेल्या असायच्या, तरी पहिल्या चुलीवरच्या सुगलाबाईचा हात पडल्याशिवाय एकही बाई भाकरी थापायला घ्यायची नाही. सुगलाबाई गोळा पिठात टेकवायची, जरा थांबायची आणि मग थापायला लागायची. तिच्या चारपाच थापा झाल्या की दुसरीचा हात सुरू, मग तिसरीचा, असं करत आठव्या चुलीपर्यंत. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा सासऱ्यांना विचारलं होतं, असं का? सासरे म्हणाले, "म्हातारीचा मान असतो गं." सुगलाबाई तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांची होती.

मी महानंदा बिराजदार. सोलापुरात होटगी रस्त्याला आमचा कडक भाकरीचा धंदा आहे. नवऱ्याला नोकरीच बरी वाटली, त्यामुळे सासरे गेल्यावर शेड माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली म्हणते खरी, पण मला ती आवडायची. अकरा वर्षं मी मालकीण आहे आणि त्याआधी सोळा वर्षं चौथ्या चुलीवर बसलेले आहे. सगळ्या कामवाल्या बायकांना मी हे ऐकवायचे. कुणी दमले म्हटलं की माझं वाक्य ठरलेलं: "मी नवव्या महिन्यापर्यंत थापल्यात भाकऱ्या. एक दिवस दमले नाही." यावर कोण काय बोलणार?

ज्वारीला असे दिवस येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. उन्हाळे तापत गेले, गव्हाचा दाणा शेतातच आक्रसायला लागला, भाताला पाणी पुरेना. ज्वारी मात्र उभी राहिली. आणि जी कडक भाकरी आम्ही प्रवासात शेंगाचटणीबरोबर बांधून न्यायचो, ती जहाजांनी परदेशी जायला लागली. तिला फ्रीज लागत नाही आणि ती महिनोन्महिने टिकते. लोकांनी यंत्रं लावून पाहिली. यंत्राची भाकरी गोल येते, पण तिला नीट पापुद्रा सुटत नाही आणि खोक्यात तिचा चुरा होतो. हाताने थापलेली तेवढी सलग पोचते.

त्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याचे निर्यातदार केतन पारसनीस माझ्याकडे आले. त्यांना रोज दोन हजार भाकऱ्या हव्या होत्या. आमच्या आठ चुलींवर सोळाशे व्हायच्या. "दोन हजार जमल्या तर जूनपासून पाच वर्षांचा करार," असं म्हणून ते कागद ठेवून गेले. त्या कागदावर मी रोज हात फिरवायचे.

त्यानंतर महिन्याभरात नवा नियम आला. आगीजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या दंडावर घामाची पट्टी हवी. ती बसवायला एका संशोधन संस्थेतली शाहीन मुजावर आली. पोरगी होटगीचीच, उष्म्याचा शरीरावर काय परिणाम होतो यात डॉक्टरेट केलेली. पट्टी रुपयाच्या नाण्याएवढी आणि कागदासारखी पातळ. बायकांनी लगेच तिला घामटिकली नाव ठेवलं.

शाहीनने सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. माणूस दमतो तेव्हा ते त्याला स्वतःला सगळ्यांत शेवटी कळतं. त्याच्या आधी घामाला कळतं. घामातलं मीठ वाढतं, आम्लं बदलतात, कातडीचं तापमान चढतं, हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर कमी होत जातं. टिकली या चारही गोष्टी दर सेकंदाला मोजते आणि त्यांचा मिळून एक रंग करते; थापताना हाताला बसणारा हादराही ती नोंदते. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे शरीर ताणाखाली आहे. लाल झाला की काम थांबवायचं आणि वीस मिनिटं सावलीत पाणी पीत बसायचं.

"पडदा कुठं लावू, वैनी?" शाहीनने विचारलं. "सगळ्यांना दिसेल असा लावा असं नियमात आहे."

"माझ्या केबिनमध्ये लाव. मला दिसला म्हणजे झालं."

तिने तो केबिनमध्येच लावला.

पहिल्या आठवड्यात मला त्या पडद्याचा राग यायचा. मग एक दिवस डोक्यात आलं की हे तर माझ्या फायद्याचं आहे. जी हिरवी आहे ती दमलेली नाही, आणि जी दमलेली नाही ती पुरेसं काम करत नाही. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला मी फार हुशार वाटले होते. एवढी वर्षं बायका सांगतील ते खरं मानावं लागायचं. आता पुरावा समोर होता.

पडद्यावर एक रेघ दिवसभर हिरवी असायची. पहिल्या चुलीची. आणि शेडमधल्या पाटीवर, जिथे कुणी किती भाकऱ्या केल्या ते लिहायचो, तिथेही पहिलीच चूल सगळ्यांत खाली. अंबिका अडीचशेला पोचायची. सुगलाबाई एकशेतीस.

मी तिला केबिनमध्ये बोलावलं. मला भाकरी तिनेच शिकवलेली. ती मला अरेतुरे करायची आणि मी तिला मावशी म्हणायचे.

"मावशी, उद्यापासून पीठ चाळायला बस तू. पहिल्या चुलीवर अंबिका बसंल. तिच्या चुलीवर तिची धाकटी जाऊ येतीय."

सुगलाबाईने पदराने मनगटं पुसली. "माझी भाकरी वाईट व्हायलीय का?"

"वाईट नाही. कमी होतीय. आणि हे बघ, तू दमत पण नाहीस. दिवसभर हिरवी."

तिने पडद्याकडे पाहिलं. आठ रंगीत रेघा हलत होत्या. "ह्यातली मी कोणती?" मी दाखवली. "चांगलं हाय," ती म्हणाली. "पन चाळायला नको बसवू मला. पोरींचा हात ऐकत नुसतं बसून ऱ्हायचं म्हंजे जीव वर-खाली हुतंय. त्यापरीस घरीच बसते की."

मला वाटलं, रुसली. रुसू दे, चार दिवसांनी येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंबिकाने पहिली थाप मारली आणि शेड भरधाव सुटली. पहिल्या दिवशी सतराशे ऐंशी भाकऱ्या. दुसऱ्या दिवशी अठराशे वीस. मी पारसनीसांना फोन करून सांगितलं, कागद तयार ठेवा. तिसऱ्या दिवशी पडद्यावर पिवळं वाढायला लागलं, चौथ्या दिवशी लाल. बायका आपापसांत बोलेनाशा झाल्या. कुणाचा तवा करपायचा, कुणाची भाकरी उचलताना फाटायची. सहाव्या चुलीवरची जगदेवी केबिनच्या दारात येऊन म्हणाली, "वैनी, हातच जुळंना ओ. जरा बसू का?" मी तिला माझा नववा महिना ऐकवला.

पाचव्या दिवशी बाहेर सेहेचाळीस अंश होतं. अकराच्या सुमाराला मी फोनवर होते आणि पडद्यावर सहावी रेघ लाल झाली. मी ती पाहिली. हे मी नंतर जबाब घ्यायला आलेल्या पोलिसांना सोडून कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगते. ती लाल झालेली मी पाहिली आणि मनात म्हटलं, मळलेलं पीठ तेवढं संपू दे. सात मिनिटांनी जगदेवी काठवटीवर पालथी पडली. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि तिला घाम येत नव्हता.

जगदेवी वाचली. दवाखान्यातला डॉक्टर माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा होता, तो मला म्हणाला, "अजून थोडा वेळ गेला असता तर मूत्रपिंडं गेली असती. तुमच्याकडे टिकल्या नाहीत का?" मी म्हटलं, आहेत. जगदेवीची आई व्हरांड्यात बसली होती, तिने मला चहा आणून दिला. तो मी तसाच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी शेड बंद होती. शाहीन टिकल्यांची सगळी नोंद घेऊन आली. रिकाम्या चुलींमध्ये आम्ही दोघीच बसलो आणि तिने पडदा केबिनमधून काढून आणून मांडीवर ठेवला.

"वैनी, मी काल रात्रभर हे बघत होते. आधी मला वाटलं मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "सुगलामावशी होत्या तेव्हाचे हे बावीस दिवस. ह्या आठ जणींच्या हृदयाच्या रेघा. ठोके कधी भराभर पडतात, कधी सावकाश, त्याची ही चढउतार. आता बघा."

तिने बोटाने त्या आठ रेघा एकमेकींवर ओढल्या. आठांची एक रेघ झाली.

मला आधी काय बघतेय तेच कळेना. आठ बायका. सगळ्यांत लहान बावीसची, सगळ्यांत मोठी सदुसष्टची. दोघींना रक्तदाब, एकीला साखर. एकीच्या घरी रोज भांडण, एकीचा नुकताच साखरपुडा झालेला. आणि सकाळी सात वाजता वेगवेगळ्या आठ वाटांनी आलेल्या त्या रेघा सव्वासातपर्यंत एकमेकींत मिसळून जात होत्या आणि दुपारपर्यंत एकच रेघ होऊन वर चढत होत्या, खाली उतरत होत्या.

"असं होतं?"

"होतं. एकत्र गाणाऱ्या लोकांत हे पूर्वी दिसलंय. श्वास आत घेताना हृदय जरा भराभर चालतं, सोडताना सावकाश. आणि थापताना आपण नकळत श्वास सोडतो. हात एका लयीत पडले की श्वास जुळतात, श्वास जुळले की हृदयांची चढउतार जुळते. एका भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली तर काही वेळानं त्यांचे लंबक जुळतात, ऐकलंय ना तुम्ही? भिंतीतनं बारीक हादरे जातात, त्यानं एकमेकांना ओढून घेतात."

"इथं भिंत कुठली?"

"थापेचा आवाज," शाहीन म्हणाली. "आणि लयीत असलेलं शरीर कमी दमतं. प्रत्येक वेळी हात कधी उचलायचा हे त्याला ठरवावं लागत नाही. तुमच्या बायका एवढ्या उन्हात, आगीपुढं, टिकल्यांच्या हिशेबानं जेवढ्या दमायला पाहिजेत त्यापेक्षा खूप कमी दमत होत्या. मावशी गेल्यावरचे पाच दिवस बघा आता."

पाच दिवसांच्या रेघा तिने तशाच एकमेकींवर ठेवल्या. त्या जुळल्या नाहीत. पोरांनी विस्कटलेली लोकर असावी तसं दिसत होतं.

"अजून एक आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. तिने पहिल्या चुलीची रेघ वेगळी काढली. "ही नेहमी जरा पुढं चालते. बाकीच्या तिच्यामागनं जातात. आणि इथं बघा. जगदेवी पिवळी व्हायच्या आधी मावशींनी हात सैल केलाय. पूर्ण रांग सावकाश झाली, जगदेवीला दम मिळाला, ती पिवळी झालीच नाही. इथं अंबिकासाठी. इथं परत जगदेवी. बावीस दिवसांत एकशे सत्तावीस वेळा. दर वेळी टिकलीला शंका यायच्या तीनचार मिनिटं आधी. वैनी, जगात ह्याहून चांगली टिकली आज नाही. आणि मावशींना टिकलीच्या आधी कळतं."

मी पहिल्या चुलीकडे पाहिलं. राख, काठवट, बसायचा पाट. सत्तावीस वर्षं मी त्या पाटापासून दहा पावलांवर वावरत होते. मला जे दिसलं ते एवढंच, की म्हातारीच्या भाकऱ्या कमी पडतात.

आता एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? उठून सुगलाबाईचं घर गाठलं असतं. पण एकदा चटका बसला म्हणून माणूस लगेच शहाणं होतं असं नाही. मी पारसनीसांना फोन केला.

त्यांना फार आनंद झाला. "अहो मग प्रश्नच मिटला. त्या बाईंची लय आहे ना तुमच्याकडे नोंदलेली? तीच वाजवायची. माणूस आजारी पडतो, रुसतो, म्हातारा होतो. लय होत नाही." शाहीनने नाही म्हटलं. पण नोंद माझ्या नावावर होती, ती मी दिली. त्यांच्या माणसाने तिच्यातला सगळ्यांत चांगला दिवस निवडला, त्यातून थापेचा आवाज बनवला आणि पहिल्या चुलीशेजारी एक काळा स्पीकर ठेवला. पारसनीस स्वतः आले होते. जगदेवीची चूल रिकामी होती, सात जणी बसल्या.

सात वाजता स्पीकरमधून थाप आली. खोटं कशाला बोलू, पंधरा मिनिटांत माझे डोळे भरून आले. केबिनमध्ये परत लावलेल्या पडद्यावर सात रेघा चालत आल्या आणि एक झाल्या. शेडभर एकच आवाज. भाकऱ्या पाखरांसारख्या तव्यावर पडत होत्या. नऊ वाजेपर्यंत सातजणींनी एवढ्या केल्या होत्या की पारसनीसांनी खिशातून पेन काढलं.

मग ती एकच रेघ पिवळी झाली.

एरवी आधी एखादी पिवळी व्हायची. आज सातही जणी एकदम. आणि रेघ खाली उतरत नव्हती. स्पीकरला काय, तो त्या चांगल्या दिवसाची थाप वाजवत होता, आणि सातजणी त्या थापेला धरून वर वर चालल्या होत्या. कुणी पाण्याला उठेना. कुणी पदर वर करून घाम पुसेना. मी केबिनच्या काचेतून त्यांचे चेहरे पाहिले. सगळ्यांची नजर एकाच जागी लागली होती.

"एकदम शिस्त आली की हो," पारसनीस म्हणाले.

पडद्यावर लाल आलं. सगळंच्या सगळं, एका क्षणी.

"दहा मिनिटं बघू," ते म्हणाले. मला माझं पीठ आठवलं, संपू दे म्हटलेलं. मी धावत बाहेर गेले आणि स्पीकरची वायर ओढून काढली.

आवाज थांबला. पण हात थांबले नाहीत. तीनचार सेकंद सात जणी आवाजाशिवाय तशाच थापत राहिल्या, मग एकेक हात हवेत राहिला. आमच्यातली सगळ्यांत तेज बाई अंबिका. ती आपल्या तळव्यांकडे बघत रडायला लागली. "वैनी, हात थांबनातच ओ. मला थांबायचं हुतं."

मी केबिनमध्ये गेले. पारसनीसांना म्हटलं, कागद घेऊन जा. ते म्हणाले, विचार करा, दुसरे कारखाने आहेत. मी म्हटलं, आहेत ना.

सुगलाबाई मजरेवाडीत राहते. दुपारी मी तिच्या दारात गेले तेव्हा ती ज्वारी निवडत बसली होती. तिने माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि पुन्हा निवडायला लागली. जगदेवीचं तिला कळलं होतं, ती दवाखान्यात दोनदा जाऊनही आली होती.

"मावशी, तुला कळतं कसं?"

"काय?"

"कोण दमलंय ते."

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "वाजतंय की हात. दमलेला हात हलका पडतंय असं वाटतंय तुला, पन तसं न्हाई. दमायला आलेली बाई आधी जोर लावती. थाप जड झाली की समजायचं, हिचं संपत आलंय. मग आपन जरा सावकाश घ्यायचं. तिला कळू द्यायचं न्हाई, नाहीतर लाजती बिचारी."

"हे तुला शिकवलं कुणी?"

"माझ्या आधी शेवंताबाई हुती पहिल्या चुलीवर. ती म्हनायची, हितं बसायचं तर आपली भाकरी मोजायची न्हाई, दुसरीचा हात ऐकायचा."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस? शेकड्यावर मजुरी तुमची. कमी भाकऱ्या म्हणजे कमी मजुरी. रोज तोटा तुझा."

"काय सांगू? मी ऐकते, त्याचे पैसे द्या म्हनू?" ती हसली. दात पडलेत तिचे पुढचे दोन. "तुझा सासरा म्हनला असता, ऐकायला मी काय कीर्तन लावलंय का."

मी पण हसले. मग ती सूप खाली ठेवत अगदी सहज म्हणाली, "तुझ्या वेळेला लई बोलला हुता मला तो."

"माझ्या वेळेला?"

"तू पोटुशी हुतीस न्हाई का, थोरलीच्या वेळेला. तुला कोन सांगनार, मालकाची सून, तू उठनार न्हाईस. चौथ्या मैन्यापासनं तुझा हात जड यायला लागला. मग म्या काय केलं, आख्खी रांगच तुझ्या हातानं चालवली. पाच मैने. सगळ्यांच्याच भाकऱ्या कमी पडल्या. तुझा सासरा रोज माझ्यावर तोंड टाकायचा, की पहिल्या चुलीवरची बाई मागं पडायलीय म्हनून सगळ्या मागं. मी म्हनायची, मालक, वय झालं ओ माझं." ती पुन्हा हसली. "त्रेचाळीस वर्षाची हुते मी."

माझा नववा महिना. तो मी किती जणींच्या तोंडावर फेकला होता याची आठवण करायचा प्रयत्न केला आणि आकडा लागेना. शेवटी जगदेवीच्या. रडू आलं तेव्हा सुगलाबाई म्हणाली, "आता रडून काय? चूल कोन बघतंय तिकडं?"

"कुणी नाही. तू ये."

"येते. पन ती पाटी काढ भिंतीवरची. मोजलं की पोरी आपापल्या थापत्यात, दुसरीचं ऐकत न्हाईत. आनी ते टीवी तुझ्या खोलीत नको. आमच्या काळजाचं चित्र हाय ते, आमाला दिसू दे."

पाटी त्याच दिवशी काढली. शेकड्याची मजुरी बंद करून सगळ्यांना सारखा रोज लावला, पहिल्या चुलीला थोडा वरचढ, आणि जगदेवीला ती घरी आहे तोवरचाही. पडदा मी स्वतः खिळे ठोकून समोरच्या भिंतीवर लावला, चुलींकडे तोंड करून. पारसनीस दुसरीकडे गेले. त्या वर्षी शेडवर पत्रे नवे घालायचे होते, ते राहिले.

शाहीन त्यानंतर वर्षभर फिरली. विडी वळणाऱ्या बायका, वीटभट्ट्या, चादरींचे माग. जिथे माणसं रांगेत बसून हाताने काम करतात तिथे तिने टिकल्या लावल्या आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तिला अशी एक रेघ सापडली, जरा पुढे चालणारी, सगळ्यांना धरून असलेली. कुणी शिकवलेली नाही, कुणी नेमलेली नाही. मालकांच्या वहीत बहुतेक ठिकाणी ती व्यक्ती सगळ्यांत खाली होती. काही ठिकाणी ती रेघ सापडली नाही. चौकशी केली तर कळायचं, एक म्हातारी होती, गेल्या वर्षी काढून टाकली.

पण मला सांगायचंय ते सुगलाबाई परत आली त्या सकाळचं.

जगदेवीला डॉक्टरांनी महिनाभर आगीपुढे बसू नको म्हटलं होतं, म्हणून तिच्या सहाव्या चुलीवर मी बसले. दंडावर टिकली लावली. सुगलाबाईने गोळा पिठात टेकवला, जरा थांबली. आता मला माहीत होतं की ती थांबून काय करते. ती आम्हा सगळ्यांचे श्वास ऐकत होती. मग तिचा हात पडला, दुसरीचा, तिसरीचा, आणि सहावा माझा.

अकरा वर्षांत माझी सवय गेली होती. भाकरी कडेला फाटायची, तव्यावर टाकताना दुमडायची. समोरच्या भिंतीवर सात रेघा एक होऊन चालल्या होत्या आणि आठवी, माझी, त्यांच्या बाहेर वेडीवाकडी पळत होती. लाज वाटून मी जोर लावला. हात दुखायला लागला, मी अजून जोर लावला.

काही मिनिटांनी शेडमधला आवाज बदलला. इतका हळू, की समोर पडदा नसता तर मला कळलंही नसतं. सातांची ती एक रेघ आपली चाल सोडून खाली उतरायला लागली. अंबिकाचा हात सावकाश झाला, आठव्या चुलीवरच्या पोरीचा झाला. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सुगलाबाई काठवटीत बघून थापत होती, मान खाली, जसं काही झालंच नव्हतं. माझा श्वास खाली बसला. माझी रेघ दोनदा त्या मोठ्या रेघेला लागून सुटली आणि तिसऱ्यांदा तिच्यात गेली. मग ती मला वेगळी दिसेना.

"वैनी, कुठं गेली ओ तुमची रेघ?" अंबिकाने हळूच विचारलं.

मी पुढचा गोळा हातात घेतला. चोवीस वर्षांपूर्वीही असंच झालं असणार, रोज, पाच महिने. तेव्हा समोर पडदा नव्हता, आणि मला वाटलं होतं की मी दमतच नाही.